पहाटेचा नमुना

चि.स अनेक आशीर्वाद,

पंचगंगेच्या बंधाऱ्यांवर प्राणवायू मोजायला जाणार आहेस, तर वेळ आधी ठरव. दुपारी तीनला हिरव्या पाण्यात शेवाळाने सोडलेला प्राणवायू असतो. तेव्हाचे १० मिलिग्रॅम पाहून खूश होऊ नकोस. रात्रभर तेच शेवाळ तो खर्च करतं, म्हणून खरी कसोटी सूर्योदयाआधी. मासळीसाठी लिटरला किमान ४ मिलिग्रॅम हवेत, आंघोळीच्या पाण्यासाठी ५.

बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेल्या कोल्हापुरी बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला, तळाजवळचा नमुना घे. साखर कारखान्यांची मळी आणि सांडपाणी तिथेच साचून कुजतं. बरगे एकदम काढले की हेच पाणी खाली सुटतं आणि मासे मरतात. बंधाऱ्याखालचं फेसाळतं पाणी घेशील तर फसशील, कारण पडताना त्यात हवा मिसळलेली असते. बादलीनेही तेच होतं. नळी ३०० मिलिलिटरच्या बाटलीच्या तळाशी टेकव, पाणी सावकाश भरू दे, भरपूर ओसंडू दे, मग बूच लाव. एक जरी बुडबुडा दिसला तरी ओतून दे.

आता काठावरच पिपेटचं टोक पाण्यात बुडवून आधी २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट, मग २ मिलिलिटर अल्कलाइन आयोडाइड अ‍ॅझाइड. बूच लावून बाटली पंधरा वेळा उलटीसुलटी कर. तपकिरी साका (तळाशी बसणारा गाळ) बसला तर प्राणवायू आहे. दुधासारखा पांढराच राहिला तर पाणी मेलेलं, पुढे मोजायचीही गरज नाही. साका अर्ध्यावर बसल्यावर २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाल, म्हणजे प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन सुटतं. हातमोजे, चष्मा विसरायचे नाहीत. अशी बाटली अंधारात काही तास टिकते.

प्रयोगशाळेत त्यातलं २०३ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल तीव्रतेच्या थायोसल्फेटने (थायो) अनुमापन कर, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबथेंब घालून किती लागलं ते मोज. १ मिलिलिटर थायो म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. आयोडीन निळं करून दाखवणारं स्टार्च मात्र रंग फिकट पिवळा झाल्यावरच घाल. आधी घातलंस तर ते आयोडीन धरून ठेवतं आणि आकडा चुकतो. जुन्या थायोवर विश्वास नको. त्याची तीव्रता उतरते, मग ते जास्त लागतं आणि नदी आहे त्यापेक्षा बरी दिसते.

पाण्याचं तापमान लिहायला चुकू नकोस. ३० अंशांना शुद्ध पाण्यातसुद्धा जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतात. बीओडीसाठी (घाण कुजताना किती प्राणवायू खाते ते मोजणारी चाचणी) वेगळा १ लिटर बर्फात ठेव, २४ तासांत पोचव. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांना तीन दिवसांची असते.

एक कायद्याची गोष्ट. कारखान्याच्या सांडपाण्याचा तुझा नमुना कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही. १९७४च्या जल कायद्याच्या कलम २१ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस देऊन तो घ्यावा लागतो, दोन भाग करून, सीलबंद करून. तुझा आकडा त्या अधिकाऱ्याला काठावर आणण्यासाठी. म्हणून मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले की त्याच मिनिटाला त्याला फोन कर, ठिकाण आणि वेळ नोंदवून. मेलेले मासे तरंगेपर्यंत थांबलास तर घाण केव्हाच पुढे गेलेली असते.