छतात दोनच पुरेत, पण आधी मागचे स्पीकर खाली उतरवा

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: ठाण्यात घोडबंदर रोडला टू बीएचके, हॉल १७ बाय ११, टीव्ही लांब भिंतीवर आणि सोफा समोरच्या भिंतीला पाठ टेकून. होम थिएटरचा ५.१ संच (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) दोन वर्षं वाजतोय, तो चालवणारा रिसिव्हर सात चॅनेलचा, म्हणजे सात स्पीकर चालवणारा, आणि ॲटमॉसवाला (डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) आहे, फॉल्स सीलिंग ताबा मिळाल्यावर लगेच करून घेतलंय. आता डोक्यावरूनही आवाज हवाय. पुढच्या स्पीकरवर ठेवायची, वर तोंड असलेली खोकी घ्यावीत की छतात चार भोकं पाडावीत, हा पेच. शिवाय वरच्या मजल्याला त्रास होईल, ही काळजी.

माझं उत्तर: छतातच, पण दोन. आणि भोकं पाडायच्या आधी मागच्या भिंतीवरचे सराउंड, म्हणजे बाजूचा-मागचा आवाज देणारे दोन स्पीकर, खाली उतरवा. फोटोत ते छताच्या पट्टीला जवळजवळ चिकटलेले दिसतायत, म्हणजे साडेसात फुटांवर तरी असतील.

जुन्या ५.१ च्या काळात सराउंड कानापेक्षा दोन-तीन फूट वर लावायला सांगत, आणि त्या काळापुरतं ते बरोबर होतं. मागचा आवाज एकाच ठिपक्यातून न येता पसरून यावा हा हेतू. त्यात आपल्याकडचा लावणारा माणूस ‘मुलांचा हात पोचायला नको’ म्हणून आणखी दोन फूट चढवतो. ॲटमॉसचं गणित निराळं आहे. डॉल्बीनं ते २०१२ मध्ये थिएटरसाठी आणलं, २०१४ मध्ये ते घरात आलं, आणि त्याची सगळी मांडणीच दोन थरांची: एक थर कानाच्या पातळीला, दुसरा डोक्यावर. तुमचं फॉल्स सीलिंग नऊ फुटांवर आणि सराउंड साडेसात फुटांवर, तर दोन थरांत अंतर राहिलं दीड फुटाचं. मग पाऊस वर पडतोय की मागे, हे कानाला कसं कळावं? सराउंड सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, साडेतीन-चार फुटांवर आणा. स्टँड चालतील, भिंतीवरचा ब्रॅकेट चालेल. वरचं वर वाटायचं तर खालचं आधी खाली हवं. मी तर म्हणतो, हे करून आठवडाभर ऐका. निम्म्या लोकांना तेवढ्यानंच ‘अरे, हे आधी असं वाजत नव्हतं’ असं वाटतं.

इथेच थोडं कानाबद्दल. डावं-उजवं आपण दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला नंतर. पण थेट डोक्यावरून आलेला आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो. तिथे कामी येते ती कानाची पाळी आणि तिच्या वळ्या. त्यांच्यावर आपटून आवाजाच्या वरच्या पट्टीत जे बारीक फेरफार होतात, त्यावरून मेंदू ‘वर’ असं ठरवतो. म्हणून छतातला स्पीकर वरच्या पट्टीत स्वच्छ हवा. बऱ्याच छतातल्या स्पीकरमध्ये ट्वीटर (वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर) थोडा फिरवता येतो, तो सोफ्याकडे वळवायचा. लिफ्टमध्ये किंवा हॉटेलच्या लॉबीत गाणी वाजवणारे ते बसके स्पीकर घेऊ नका. त्यातून आवाज येतो, उंची येत नाही.

आता माझी फजिती. ठाण्यातल्याच वसंत विहारमधल्या आमच्या घराचा हॉल एल आकाराचा, एका बाजूला सोफा, दुसऱ्या बाजूला डायनिंग टेबल. इंटिरियरवाल्यानं छताचा नकाशा काढताना दोन्ही स्पीकर डाउनलाइटच्या रांगेत, अगदी मोजून मापून समान अंतरावर टाकले. कागदावर फारच देखणं दिसत होतं. बसवल्यावर कळलं की डावा स्पीकर सोफ्याच्या टोकावर आहे आणि उजवा डायनिंग टेबलवर. जवळजवळ दीड वर्ष आमच्याकडे प्रत्येक हेलिकॉप्टर आमटीच्या पातेल्यावर घिरट्या घालत होतं. शेवटी छत परत फोडलं, भोक बुजवलं, आणि एक भोक बुजवायचं म्हणून अख्खं छत रंगवावं लागलं, कारण नव्या-जुन्या पांढऱ्यातला फरक बायकोला सहन होईना. चूक माझीच होती. वरच्या स्पीकरचं माप दिव्यांपासून घ्यायचं नसतं, ते बसणाऱ्या माणसाच्या कानापासून घ्यायचं असतं.

तर ते माप. सोफ्यावर बसल्यावर कान जमिनीपासून साधारण तीन फुटांवर येतो. तुमचं छत नऊ फुटांवर, म्हणजे कानापासून छत सहा फूट. दोनच स्पीकर लावायचे तेव्हा डॉल्बीची शिफारस आहे की कानाच्या पातळीपासून ते ६५ ते १०० अंशांत असावेत. ९० अंश म्हणजे बरोबर डोक्यावर. सहा फूट उंचीला हा पट्टा कानाच्या पुढे पावणेतीन फुटांपासून मागे एका फुटापर्यंत येतो. मी पुढचीच बाजू धरतो. कानापुढे दोन फूट घेतले की ७२ अंशांच्या आसपास येतं आणि आवाज टाळूवर आदळल्यासारखा वाटत नाही. रुंदीला दोन्ही स्पीकर पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या रेषेत. सोफा भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. जागा जाते म्हणून घरात कुरकुर होईल, पण डोकं भिंतीला चिकटलेलं असलं की खर्ज घुमतो आणि मागचा थर उरतच नाही. एवढं केलंत की तुमचा कान मागच्या भिंतीपासून दोन फुटांवर येईल आणि वरचे स्पीकर चार फुटांवर. खूण करताना गवंड्याचा ओळंबा वापरा: सोफ्यावर माणूस बसवा, त्याच्या कानापासून पुढे दोन फूट टेपनं मोजा आणि तिथे ओळंबा छतापासून सोडा. लेझर असेल तर आणखी बरं.

चार का नकोत, हेही याच मापात आहे. चार लावायचे तर पुढची जोडी साधारण ४५ अंशांवर, म्हणजे कानाच्या सहा फूट पुढे, आणि मागची तितकीच मागे. तुमच्या कानामागे दोन फूट जागा आहे. मागची जोडी शेजाऱ्यांच्या किचनमध्ये लागेल. शिवाय सात चॅनेलचा रिसिव्हर पाच खालचे आणि दोन वरचे एवढेच चालवतो. चारसाठी नऊ चॅनेल किंवा वेगळा ॲम्प्लिफायर. खारघर-नेरूळकडच्या ज्या घरांत सोफा हॉलच्या मधोमध आहे, त्यांनी चारचा विचार खुशाल करावा.

वर-तोंडाच्या खोक्यांबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. भाड्याचं घर असेल, छत सपाट, कडक आणि आठ ते बारा फुटांच्या दरम्यान असेल, तर ती बऱ्यापैकी काम करतात. आवाज तिरका वर जातो, छतावर आपटतो आणि खाली येतो. तुमच्या मोजमापात तो पुढच्या स्पीकरपासून दोन ते साडेतीन फूट पुढे छताला लागणार. आता मान वर करून बघा तिथे काय आहे. ठाण्यातल्या दर दहा फ्लॅटपैकी नऊंत असते तीच कडेची दोन फुटांची खाली उतरलेली पट्टी, तिच्या खोबणीत लपवलेले दिवे, आणि पुढे लगेच पंख्याची पाती. आरसा म्हणून वापरायचं छत नेमकं तिथेच मोडलेलं आहे. मी एकदा मित्राच्या घरी अशी खोकी ऐकली; पंखा बंद असताना ठीक, पाचवर टाकला की वरचा थर पुसट. आणि मे महिन्यात पंखा बंद ठेवून सिनेमा बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

पंख्याचं छतातल्या स्पीकरलाही बघावं लागतं. नेहमीच्या १२०० मिमी पंख्याची पाती मध्यापासून दोन फूट जातात. तुमचा पंखा टीव्हीच्या मध्यरेषेत असेल आणि पुढचे स्पीकर सात फूट अंतरावर असतील, तर वरचे स्पीकर पंख्याच्या रेषेपासून साडेतीन फूट बाजूला येतात, म्हणजे पात्याच्या टोकापासून दीड फुटापेक्षा जास्त मोकळे. चालेल. पंखा एका बाजूला सरकलेला असेल तर मात्र मला विचारल्याशिवाय कटर लावू नका.

बसवताना. १२ मिमीच्या जिप्सम बोर्डाला दोन-अडीच किलोचा स्पीकर त्याच्या चिमट्यांवर धरतो, पण वर्षानुवर्षांच्या थरथरीनं बोर्डाची कड भुगा होते. भोकाच्या वरून प्लायची रिंग टाकून घ्या आणि चिमटे प्लायला आवळा. कापण्याआधी चुंबक फिरवून जीआय चॅनेल (बोर्ड धरणारी लोखंडी पट्टी) कुठे आहे ते शोधा, आणि छोट्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा घालून वर किती पोकळी आहे ते पाहा. स्पीकरची खोली चार इंच आणि पोकळी साडेतीन, असं होतं. स्पीकर खाली न पडावा म्हणून स्लॅबला तारेचा आधार द्यायचा असेल तर आधी सोसायटीच्या ऑफिसात विचारा की स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड आहे का. नव्या टॉवरांत तसे असतात, आत ताणलेल्या केबल असतात, तिथे अंदाजानं ड्रिल घालायचं नाही म्हणजे नाही. मिवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या बिल्डिंगमध्ये भिंतीही काँक्रीटच्या, त्यामुळे वायर भिंतीत झिरी पाडून न्यायचं विसरा. पट्टीतून किंवा पडद्यामागून न्या.

वायरवर पैसे उधळू नका. १.५ चौरस मिमी तांब्याची चांगली वायर पुरते. १५ मीटर अंतराला जाऊन-येऊन ३० मीटर होतात, त्याचा रोध सुमारे ०.४ ओहम, म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरच्या पाच टक्के. सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांनी यात काही बदलत नाही. लाइटच्या वायरीपासून फूटभर लांब ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात. भोकं उघडी आहेत तोवर चार स्पीकरच्या वायरी ओढून ठेवा, लावा दोनच. उरलेल्या टोकांजवळ टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढच्या घरमालकाला नाही, तुम्हालाच लागेल.

वर नुसता स्पीकर लोंबता न ठेवता मागे खनिज लोकर ठेवतात, ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा. नाहीतर तिचे तंतू जाळीतून खाली सोफ्यावर येतात. जाळीच्या कडेला फट ठेवू नका, पाल आत जाते. हे मी सांगीवांगी बोलत नाही.

कटर लावण्यापूर्वीची एक युक्ती. वॉचमनकडून सोसायटीची घडीची शिडी आणा, सोफ्याच्या बाजूला उभी करा, एक सराउंड स्पीकर वरच्या पायरीवर दोरीनं घट्ट बांधा आणि वरच्या चॅनेलला जोडा. पूर्ण उंची मिळणार नाही, पण हा खर्च तुमच्या कानाला पटतोय का, ते एका संध्याकाळी कळेल.

रिसिव्हरमध्ये या जोडीला ‘टॉप मिडल’ असं नाव द्या. ‘फ्रंट हाइट’वर तसंच सोडलं तर रिसिव्हर समजतो की ते टीव्हीच्या वर भिंतीवर आहेत, आणि आवाज त्या हिशेबानं वाटतो. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती हद्द, ८० ते १०० हर्ट्झ. माइकनं मापं घेऊन आवाज जुळवणारी रिसिव्हरची सोय ऑडिसी असो की वायपाओ, माइक स्टँडवर कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर टेकवायचा नाही. पंखा, एसी, फ्रीज, मिक्सर, सगळं बंद. रस्ता शांत असेल तेव्हा करा, घोडबंदरचे ट्रक तुमच्या मापात नकोत.

ॲटमॉस येतंय का ते रिसिव्हरच्या पडद्यावर बघा. नेटफ्लिक्ससारखं ॲप टीव्हीतच चालवत असाल तर टीव्हीचं डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर नको, ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’वर हवं. ॲपवरचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं, ते साध्या एआरसीतून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीनं रिसिव्हरकडे परत नेणारी सोय) जातं. ब्लू-रे डिस्कचं ट्रूएचडी, म्हणजे न दाबलेल्या दर्जाचं ॲटमॉस, जात नाही, त्यासाठी ईएआरसी (त्याच सोयीची नवी, जास्त क्षमतेची आवृत्ती) किंवा प्लेअर थेट रिसिव्हरला. नेटफ्लिक्सवर ते फक्त सगळ्यात वरच्या प्लॅनमध्ये आहे. आणि ज्यात वरचा थरच नाही, अशा ५.१ च्या सिनेमाला रिसिव्हरचा ‘डॉल्बी सराउंड’ मोड लावा, तो वातावरणाचा आवाज वर चढवतो. क्रिकेटला मस्त. नाट्यसंगीताला मात्र हात लावू नका, ते दोन स्पीकरवरच ऐका.

वरच्या मजल्याची काळजी तुम्ही फार केलीय. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे जातं आणि स्लॅबमधून जास्त तेच पोचतं. वरच्या काकूंची तक्रार आलीच तर सबवूफरखाली जाड रबराचे पॅड ठेवा आणि त्याची पातळी दोन-तीन डेसिबल उतरवा. छतातल्या स्पीकरनं वाजलंच तर तुमचंच छत वाजेल: डाउनलाइटची रिंग, एसीची जाळी, पडद्याची पट्टी. हळूहळू खर्ज वाढवत नेणारा आवाज लावा, जे थरथरेल त्याला फोमची पट्टी चिकटवा.

आता दोन मापं पाठवा: पंख्याच्या मध्यापासून सोफ्यामागच्या भिंतीपर्यंत, आणि पुढच्या दोन स्पीकरमधलं अंतर. छताचा फोटो सोफ्यावर बसून, वर बघत काढा.