वटोगाला आई-बाबांना घेऊन जाताय? मग हे वाचा

जूनमध्ये आई-बाबा भारतातून येतायत, दोन मुलं आहेत, उत्तर व्हर्जिनियाहून जाऊन नदीकाठी केबिनमध्ये तीन रात्री राहायचंय, वेस्ट व्हर्जिनियातलं वटोगा स्टेट पार्क कसं, असं तुम्ही विचारलंय. आम्ही तिथे चारदा राहिलोय, त्यात दोनदा सासू-सासरे बरोबर होते. खुशाल जा.

पण एक गैरसमज आधीच काढून टाका. केबिनच्या ओसरीतून नदी दिसेल असं धरून चालू नका. ग्रीनब्रायर नदीकाठी तंबू आणि आरव्हीवाल्यांची (राहायची सोय असलेल्या गाड्यांची) जागा आहे. केबिन वर डोंगरातल्या झाडीत, विखुरलेल्या. नदीवर गाडीनेच उतरावं लागतं. बऱ्याचशा केबिन १९३०च्या दशकातल्या मंदीत सरकारने कामाला लावलेल्या तरुण पोरांनी बांधलेल्या आहेत. देखण्या आहेत, पण काहींना पायऱ्या आहेत. आईंचे गुडघे कुरकुरत असतील तर बुकिंगआधी फोन करून केबिनच्या नंबरासकट पायऱ्या विचारा.

आता रेंज. नाहीच. हा सगळा भाग १९५८ साली आखलेल्या नॅशनल रेडिओ क्वाएट झोनमध्ये, म्हणजे रेडिओ लहरींवर निर्बंध असलेल्या टापूत येतो, शिवाय चहूबाजूंनी डोंगर. पहिल्या खेपेला मी फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर निघालो आणि अंधारात तासभर भलत्याच रस्त्याला लागलो. नकाशा आधी उतरवून घ्या, उजेडी पोचा. बाबांची औषधं दोन दिवस जादा ठेवा. हॉस्पिटल जवळच बकाय गावात आहे, रस्ता आधीच बघून ठेवा.

या शांततेचं कारण तासाभरावरच्या ग्रीन बँकला आहे: शंभर मीटर व्यासाची, हवी तशी फिरवता येणारी रेडिओ दुर्बीण, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणारी तबकडी. माझे सासरे जुन्नरकडचे. तिथल्या खोडद परिसरातल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्यांपैकी काही त्यांनी लांबून पाहिलेल्या, त्यामुळे इथे त्यांना आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. दुर्बिणीजवळ डिझेलच्या बसने नेतात, कारण पेट्रोल इंजिनच्या स्पार्क प्लगच्या ठिणगीनेसुद्धा तिच्या ऐकण्यात खरखर येते. मुलांना हे जाम आवडतं.

एरवी फार बेत करू नका. नदीकाठाने ७८ मैलांची ग्रीनब्रायर रिव्हर ट्रेल जाते. ही जुन्या रेल्वेची वाट, आणि आगगाडीला चढ झेपत नाही, म्हणून वाट जवळजवळ सपाट आहे. आई-बाबा मजेत चालतील, मुलांना सायकली द्या. नदीवर धरण नाही, पाणी पावसाच्या मर्जीवर. एरवी उथळ असते, पण आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर मुलांना उतरवू नका.

जूनचा पहिला पंधरवडा मिळत असेल तर सोडू नका. इथले काजवे एकदम लुकलुकतात, मग सगळे मिळून विझतात. भंडारदऱ्याचे काजवे पाहिलेल्या सासूबाईसुद्धा गप्प झाल्या, आणि ही किरकोळ गोष्ट नव्हे. ते कुठे आणि कधी बघू देतात ते पार्कच्या ऑफिसात विचारा. टॉर्चला लाल जिलेटिन लावा. काजवे हुकले तरी आभाळ आहेच, २०२१ पासून हे अधिकृत डार्क स्काय पार्क आहे.

स्वयंपाकघर असतं, भांडी असतात, पण तवा, पोळपाट-लाटणं आणि मसाल्याचा डबा घरून न्या. कचरा रात्री बाहेर ठेवू नका, अस्वलं येतात. कुकरही न्या; शिट्टी त्या जंगलात भलतीच मोठी वाटते, म्हणून आम्ही डाळ-भात दुपारीच लावून टाकतो.