प्रयोग बरोबर येतो, तरी जीवशास्त्राच्या अहवालात गुण जातात. अहवाल नीट कसा लिहावा?

बहुतेक अहवालांत गुण जातात ते निरीक्षण आणि त्याचा अर्थ यांची सरमिसळ झाल्यामुळे. बटाट्याच्या परासरणाचा (म्हणजे पेशीपटलातून पाणी आत-बाहेर जाण्याचा) नेहमीचा प्रयोग घेऊन सांगतो: सुक्रोजच्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रावणांत बटाट्याचे तुकडे ठेवायचे आणि त्यांचं वस्तुमान किती बदललं ते पाहायचं.

लिहायला प्रस्तावनेपासून बसू नका. आधी कृती आणि तक्ता, मग आलेख, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, म्हणजे चर्चेत लागलेली तेवढीच पार्श्वभूमी तिच्यात येते. सारांश मागितला असेल तर तो सगळ्यात शेवटी.

कृती भूतकाळात लिहा. ‘तुकडे घ्या, पाण्यात टाका’ ही पाककृतीची भाषा झाली. वर्गात नसलेल्या माणसाला तुमचं वाचून तोच प्रयोग करता आला पाहिजे, म्हणून ‘तुकडे काही वेळ द्रावणात ठेवले’ याला काही किंमत नाही. असं लिहा: एकाच बटाट्याचे, साल काढलेले, ४ सेंमी लांबीचे दंडगोल कापले, ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १ मोलर (मोल प्रति लिटर) सुक्रोज, प्रत्येकी ५० मिली, प्रत्येक तीव्रतेला ३ तुकडे, ६० मिनिटं, तापमान मोजलं तेवढं. साल का काढली हेही एका वाक्यात सांगा, कारण सालीतून पाणी जवळजवळ जात नाही. द्रावण स्वतः केलं असेल तर तेही लिहा. ०.२ मोलरच्या १०० मिलीसाठी ६.८५ ग्रॅम सुक्रोज थोड्या पाण्यात विरघळवून मग एकूण घनफळ १०० मिली करायचं असतं. १०० मिली पाण्यात साखर टाकली तर द्रावणाचं घनफळ वाढतं आणि तीव्रता कमी भरते.

परिकल्पनेत कारण हवं. ‘वस्तुमान बदलेल’ ही परिकल्पना नव्हे. ‘तीव्रता वाढेल तसं पेशींतून जास्त पाणी बाहेर जाईल, म्हणून वस्तुमान घटत जाईल’ ही झाली.

तक्त्यात एकक फक्त स्तंभाच्या शीर्षकात. तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर २.५ नव्हे, २.५० लिहा. वस्तुमानातला नुसता फरक देऊ नका, टक्केवारी काढा: २.५० ग्रॅमचा तुकडा ०.३३ ग्रॅमने वाढला तर ती १३.२ टक्के वाढ, पण २.१० ग्रॅमचा तेवढाच वाढला तर १५.७ टक्के. टक्केवारी प्रत्येक तुकड्याची काढून मग सरासरी घ्या. एखादा आकडा विचित्र आला तर खोडू नका. तक्त्यात ठेवा, खूण करा आणि सरासरीतून वगळला असेल तर कारण लिहा.

आलेख स्तंभांचा नको. तीव्रता सलग बदलणारी राशी आहे, म्हणून बिंदू आणि रेषा. तीव्रता आडव्या अक्षावर, टक्के बदल उभ्या अक्षावर. ऋण किमतींसाठी शून्याच्या खाली जागा सोडा. आलेख जिथे शून्य ओलांडतो ती तीव्रता पेशींशी समपरासारी, म्हणजे तिथे पाणी एकूणात आतही जात नाही आणि बाहेरही नाही. अहवालातला सगळ्यात मोलाचा आकडा हाच, आणि नेमका तोच पुष्कळ जण काढत नाहीत.

‘०.२ मोलरला वस्तुमान वाढलं’ हे निरीक्षण. ‘कारण द्रावण अवपरासारी (पेशीरसापेक्षा कमी तीव्र) होतं आणि पाणी आत शिरलं’ ही चर्चा. दोन्ही आपापल्या ठिकाणीच ठेवा. चर्चेत प्रत्येक दावा तुमच्याच आकड्याला बांधा. शुद्ध पाण्यातही पेशी फुटली नाही तर पेशीभित्तिकेचा उल्लेख हवा. तीव्र द्रावणात वस्तुमान घटलं तर रससंकोचाचा, म्हणजे पाणी गेल्याने पेशीद्रव्य आकसून भित्तिकेपासून सुटण्याचा.

त्रुटींच्या भागात ‘मानवी चुका झाल्या असतील’ हे वाक्य मी तरी सरळ कापून टाकीन. कोणती त्रुटी आणि तिने उत्तर कुठल्या बाजूला सरकलं ते सांगा. उदाहरणार्थ, बाहेर काढलेले तुकडे नीट टिपले नाहीत तर पृष्ठभागावरचं द्रावणही वजनात येतं, सगळे बिंदू वर सरकतात आणि समपरासारी तीव्रता खऱ्यापेक्षा जास्त दिसते. उपायही तितकाच नेमका हवा: प्रयोगाआधी आणि नंतर प्रत्येक तुकडा टिपकागदावर ठरावीक सेकंद, सारख्याच पद्धतीने टिपणे. निष्कर्षात ‘सिद्ध झाले’ म्हणू नका; ‘निरीक्षणं परिकल्पनेला दुजोरा देतात’ इतकंच.

सूक्ष्मदर्शकाखालची आकृती असेल तर टोकदार पेन्सिल, सलग रेषा, छटा नाहीत. नामनिर्देशनाच्या रेषा पट्टीने, एकमेकींना न छेदणाऱ्या. विशालन म्हणजे आकृतीची लांबी भागिले खरी लांबी. ०.२५ मिमीची पेशी ५० मिमी काढली तर २०० पट, मग तुम्ही ती ४०० पटीच्या भिंगातून पाहिलेली का असेना.