कोकणात फिरायला उथळ कीलची शिडाची बोट घ्यावी का? वाऱ्याविरुद्ध ती कितपत चालते?

तुम्ही २८-३० फुटी जुनी बोट शोधताय, मांडव्यापासून मालवणपर्यंत खाड्याखाड्यांतून फिरायचंय, आणि विकणारा म्हणतोय की उथळ कील (बोटीच्या तळाखालचं उभं पातं, कमी खोल जाणारं) घ्या, तोटा काहीच नाही. तोटा आहे. फक्त तो जाताना कळत नाही, परतताना कळतो.

पावसाळा सरल्यापासून मेपर्यंत आपल्याकडे दुपारचा वारा बहुतेक वायव्येचा. मालवणकडे उतरताना तो पाठीशी असतो, तेव्हा कुठलीही बोट पळते. परतीला मात्र तो तोंडावर, आणि शिडाची बोट थेट वाऱ्याविरुद्ध जात नाही, आलटून-पालटून तिरकी जाते. आता नकाशा बघा. मालवणहून मुंबईकडे किनारा उत्तरेपासून साधारण १२ अंश पश्चिमेला झुकत जातो. खोल फिन कीलची (अरुंद, खोल जाणाऱ्या पात्याची) बोट वाऱ्याशी ४५ अंश राखते असं धरलं, तर ती नेमकी उत्तरेला चालते. दहा मैलांत किनारा दोन-एक मैल जवळ येतो. उथळ कीलची बोट बाजूला घसरते. ती घसरण धरून ५५ अंश मिळाले, तर तेवढ्याच दहा मैलांत किनारा पावणेचार-एक मैल जवळ. म्हणजे लवकर वळून समुद्राकडे जावं लागणार. आणि त्या टप्प्यात फिन कीलवाला निदान सरळ पश्चिमेला जातो, तुम्ही मात्र थोडे दक्षिणेला, म्हणजे उलटेच सरकता. खरा भुर्दंड तो.

कारण साधं आहे. कील म्हणजे पाण्यात उभा केलेला पंख. एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूला खालच्या टोकाखालून निसटतो. कील आखूड तितकं हे निसटणं जास्त. लांबी-रुंदी वाढवून क्षेत्रफळ भरून काढलं तरी खोलीची कसर भरत नाही. शिवाय वजन वर राहिल्यामुळे तेवढाच तोल सांभाळायला शिसं जास्त घालावं लागतं.

मग उथळ कील घ्यायचीच कशाला? खाड्यांच्या मुखाशी वाळू आहे म्हणून. इथे एक गंमत आहे. मुंबई-अलिबागकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. ओहोटीला चिखल उघडा पडला तरी भरतीला खोल बोटही आत जाते. मालवणकडे हा फरक निम्म्याच्या आसपास, भांगाला (चढ-उतार सर्वांत कमी असतो तेव्हा) त्याहून कमी. म्हणून कर्ली नदीच्या मुखाशी, देवबागला, उथळ कीलचं खरं काम. विजयदुर्गात किंवा जयगडला त्यासाठी वाऱ्याविरुद्धची चाल गमावण्यात अर्थ नाही. आणि मुखावर लाट असेल तर लाटेच्या खळग्यात बोट खाली बसते. कीलखाली फक्त हातभर पाणी उरेल असा हिशेब करू नका.

माझं मत: छोटी पक्की कील आणि तिच्यातून खाली सोडायचं सेंटरबोर्ड, म्हणजे वर-खाली होणारं पातं. वर घेतल्यावर मीटरभर, सोडल्यावर दीड-पावणेदोन मीटर. खोबणीत चिखल, कालवं अडकतात आणि उचलायची वायर गंजते, तेवढं दरवर्षी बघायचं. बोट ओहोटीला कोरड्यावर बसणार असेल तर जोडकील (शेजारी-शेजारी दोन कील); ती सरळ उभी राहते, पण वाऱ्याविरुद्ध यथातथाच. विंग कील (खालच्या टोकाला आडवे पंख असलेली) मी आपल्याकडे घेणार नाही. जाळी आणि दोर पंखांत अडकतात, आणि चिखलात रुतली की फिन कीलसारखी बोट कलवून सोडवता येत नाही. कलवली की उलट जास्तच खोल जाते.

आधीच उथळ कीलची घेतली असेल तर पहाटे निघा. थंडीत मतलई वारा जमिनीवरून येतो, तेव्हा बाजूच्या वाऱ्यावर आरामात उत्तर गाठता येते; दुपारी खारा वारा धरला की जवळच्या बंदरात नांगर टाकायचा. दुपारी चालायचंच असेल तर नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे फार ताणू नका. पाच अंश सोडा, वेग येऊ द्या, वेगाशिवाय आखूड कील पाणी धरत नाही. शीडही लवकर आखडा, कारण बोट जितकी कलेल तितकी घसरेल.

पैसे देण्याआधी समुद्रावर चाचणी मागा. प्रवाह थांबलेला असताना, दहा-बारा नॉटच्या वाऱ्यात, बोट वाऱ्याविरुद्ध तिरकी चालवून होकायंत्राची दिशा आणि जीपीएसवरची प्रत्यक्ष दिशा ताडून बघा (होकायंत्राची चूक वजा करून). दोन्ही बाजूंनी. फरक चार-पाच अंश असेल तर उत्तम. दहाच्या वर गेला तर एकतर भाव पाडा, नाहीतर इंजिन नीट तपासा, कारण परतीचा बराच प्रवास त्याच्यावरच होणार आहे.