मतं समसमान पडली तर? चिठ्ठी काढण्याआधी ठरवायच्या गोष्टी

तुमच्या मंडळात 21 सभासद, अध्यक्षपदाला तीन उमेदवार आणि मतदान पसंतीक्रमाने: प्रत्येकाने तिघांना 1, 2, 3 असा क्रम द्यायचा, पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा बाद, आणि त्याची मतं त्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीकडे. मतं समसमान पडली तर नाणं उडवून निकाल लावला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल. पण आपल्याकडे चिठ्ठीचे दोन उलटे अर्थ आहेत, त्यातला कुठला तुम्हाला लागू हे मतमोजणीआधी लिहून ठेवा.

2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग 220 मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर दोघांना 5,946 मतं पडली. चिठ्ठी शहांच्या नावाची निघाली, ते नगरसेवक झाले. फेब्रुवारी 2024 मध्ये हिमाचलच्या राज्यसभा जागेसाठी 34-34 झालं. चिठ्ठी अभिषेक मनु सिंघवींच्या नावाची निघाली आणि ते हरले! राज्यसभेची मोजणी पसंतीक्रमाची, तिथे चिठ्ठी निघाली तो बाद, असा नियम लावला गेला. सिंघवी त्याविरुद्ध हायकोर्टात गेले. मतदान तुम्हीही पसंतीक्रमानेच घेणार आहात, म्हणून हे आधी सांगितलं.

पसंतीक्रमात खरी अडचण पहिल्या जागेच्या बरोबरीची नसते, तळाच्या बरोबरीची असते. समजा पहिल्या पसंतीत अ ला 9, ब ला 6, क ला 6. आता बाद कोणाला करायचं? ब ला काढलं आणि त्याची सहाही मतं क कडे गेली, तर क 12 मतांनी अध्यक्ष. क ला काढलं आणि त्याची चार मतं अ कडे, दोन ब कडे गेली, तर अ 13 मतांनी अध्यक्ष. म्हणजे शेवटच्या दोघांतली एक चिठ्ठी अध्यक्ष ठरवते. असं होऊ देऊ नका.

मागच्या फेरीत कोण पुढे होता ते बघायची पद्धत आहे, पण ही पहिलीच फेरी, मागे बघायला काही नाही. त्यापेक्षा सगळ्या 21 मतपत्रिका हातात घ्या आणि फक्त ब व क यांच्यात कोण वर लिहिलाय ते मोजा. अ च्या नऊ जणांनी दुसरी पसंती पाचांनी ब ला, चौघांनी क ला दिली असेल, तर ब 11, क 10. क बाद. मतदारांची संख्या विषम आणि प्रत्येकाने तिघांनाही क्रम दिला असेल, तर या मोजणीत दोघांची बरोबरी होऊच शकत नाही. म्हणून अर्धवट भरलेली मतपत्रिका घेऊ नका. तिघांनाही सात-सात पडली आणि दोघादोघांच्या मोजणीत अ ब च्या पुढे, ब क च्या पुढे, क अ च्या पुढे असं चक्र झालं, तर मात्र चिठ्ठीला पर्याय नाही.

मान्य असतील तितक्यांपुढे खूण करायची पद्धतही कोणी सुचवेल. इतक्या कमी मतदारांत तिथे बरोबरी सहज होते, आणि ती सोडवायला मतपत्रिकेवर दुसरी काहीच माहिती नसते. मावळत्या अध्यक्षाचं निर्णायक मत ठरावांपुरतं ठीक. निवडणुकीत एकाच माणसाला दोन मतं मिळतात, मी ते कधीच सुचवत नाही.

एका सोसायटीत मी चिठ्ठी काढली तेव्हा एक कागद वहीचा, दुसरा जाड कार्डाचा निघाला. हरलेल्या उमेदवाराने दोन्ही बोटांत धरून दाखवले, आणि त्यांचं बरोबरच होतं. तेव्हापासून मी एकाच कोऱ्या कागदाचे तुकडे सर्वांसमोर फाडतो, नावं एकाच पेनाने लिहितो, चार घड्या घालतो, आणि उमेदवारांनी चिठ्ठ्या हाताळून बघितल्यावरच डबा बंद करतो.