सत्ता नेमकी कुणाकडे आहे, हे ओळखायचं कसं?

तुम्ही विचारलंय की वेबर, डाल, ल्यूक्स हे सत्तेवर लिहिणारे अभ्यासक सगळे वाचले, पण प्रत्येकाची सत्तेची व्याख्या वेगळी. मग प्रत्यक्ष राजकारणात ती कुणाकडे आहे हे शोधायचं कसं? मी समाजशास्त्र शिकवते आणि लालबागमध्ये वाढले, त्यामुळे उत्तर गिरणगावातूनच, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागातूनच देते.

मॅक्स वेबरच्या मते, समोरच्याचा विरोध असला तरी आपली इच्छा तडीस नेण्याची शक्यता म्हणजे सत्ता. लोक हुकूम योग्य मानून का पाळतात, याचे त्याने तीन आधार सांगितले: परंपरा, नेत्याचं वलय आणि कायदा. परीक्षेला हेच येतं, म्हणून बरेच जण इथेच थांबतात. रॉबर्ट डालने १९६१च्या पुस्तकात अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराचे निर्णय तपासले. कुणाचा प्रस्ताव मंजूर झाला, कुणाचा पडला, हे पाहिलं आणि सत्ता अनेक गटांत विखुरलेली आहे, असं म्हटलं. मला ही पद्धत अपुरी वाटते, कारण ती फक्त उघड भांडणं मोजते. पुढच्याच वर्षी बॅकरॅक आणि बॅरॅट्झ या राज्यशास्त्रज्ञांनी हेच दाखवलं: एखादा विषय चर्चेला येऊच न देणं, हीसुद्धा सत्ताच.

आता गिरण्यांची जमीन घ्या. १९९१च्या विकास नियंत्रण नियमांनुसार गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास झाला, तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला मिळणार होती. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून रिकामी होणारी जमीन त्यातून वगळली. गिरणी म्हणजे बहुतांशी शेडच! शहराच्या वाट्याची मैदानं आणि घरं एका व्याख्येत आटली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल शहराच्या बाजूने दिला, पण २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. भांडण कोर्टात पोचेपर्यंत सुमारे चार वर्षं गेली होती. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते, भाषणं ऐका, पण नियमातली व्याख्या कुणी लिहिली तेही शोधा.

स्टीव्हन ल्यूक्स १९७४ मध्ये आणखी खोल गेला. माणसाला आपली तक्रार तक्रार वाटूच नये, आहे तेच स्वाभाविक वाटावं, ही त्याच्या मते सत्तेची सर्वांत प्रभावी तऱ्हा. इटालियन विचारवंत ग्रामचीचं धुरीणत्व, म्हणजे लोकांच्या संमतीने टिकणारं वर्चस्व, याच्या जवळचं आहे. सत्तेवरच लिहिणारा फ्रेंच विचारवंत फुको मी मुद्दाम बाजूला ठेवतेय. आधी हे पक्कं होऊ द्या.

मात्र आपल्याकडे ल्यूक्स एकटा पुरत नाही, डॉ. आंबेडकर लागतात. कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना घेत नसत. धोट्यातली (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातली) सुताची कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्य मानलेल्याच्या तोंडाला लागलेल्या धाग्याचा विटाळ सवर्ण कामगारांना चालत नसे. म्हणजे इथे दार अडवणारे स्वतःही कामगारच होते. १९२८च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. ज्याला ते श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच: प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी असतं, म्हणून वरच्याविरुद्ध सगळे एक होत नाहीत. मालकाला वेगळा हुकूम काढावा लागत नाही.

माझे आजोबा साचेखात्यात होते. मुकादमाची दादागिरी, कापलेला पगार, संपातले उपाशी दिवस, सगळं ते आम्हाला तपशीलवार सांगत. आपल्या खात्यात कोण नव्हतं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही एम.ए.ला जाईपर्यंत विचारलं नाही.