वाचक विचारतात : ‘ब्लॅम!’चं अवाढव्य शहर

प्रश्न : सुतोमु निहेई यांच्या ‘ब्लॅम!’ या मांगातल्यासारखं (जपानी चित्रकथेतल्यासारखं) शहर काढून बघतोय. बारकावे भरभरून घातले तरी इमारत मोठी वाटत नाही. – एक वाचक, म्हापसा

माप चुकतंय. ए-४ कागदावर २२ सेंमी उंचीची चौकट धरा. तीत माणूस २ सेंमीचा काढलात तर चौकटीची उंची भरते जेमतेम १९ मीटर, म्हणजे सहा मजली इमारत. तोच माणूस ३.४ मिमीचा काढा : १ मिमीला अर्धा मीटर पडतो आणि चौकट ११० मीटरची होते. आता त्याच्याइतक्याच अंतरावरचं सगळं याच हिशेबात हवं. दार ४ मिमी, कठडा २ मिमी. दार १ सेंमीचं झालं की बघणारा त्यालाच नेहमीचं दार समजतो आणि शहर आटतं. जिन्याची पायरी जेमतेम ०.३५ मिमीची येते; ०.३च्या पेनने एकेक काढू गेलात तर नुसता काळा पट्टा उरेल. ०.०५चं पेन घ्या आणि एकाआड एक पायरी काढा.

लोपबिंदू, म्हणजे रेघा दूर जाऊन जिथे मिळतात तो बिंदू, कागदातच बसवला तर भिंती चिमटल्यागत दिसतात. कागद लांब प्लायवूडच्या खालच्या टोकाला चिकटवा, वर ६० सेंमीवर टाचणी टोचून दोरा बांधा, ताणलेल्या दोऱ्याला पट्टी लावून उभ्या रेघा ओढा.

निहेई मांगाकडे वळण्याआधी बांधकाम क्षेत्रात होते, ते चित्रांत कळतं : तुळई कशावर तरी टेकलेली असते. सरावाला पणजीत मांडवीच्या पुलांखाली बसा. जुन्या दोन पुलांच्या मधून, त्यांच्याहून उंचावरून जाणारा अटल सेतू खालून बघितला की हवं ते सगळं मिळतं.

प्रश्न : संवादच नाहीत, कथा कळत नाही. – एक वाचक, फोंडा

पानं उजवीकडून डावीकडे वाचताय ना? मग एवढं धरून चला : शहराचा ताबा ठेवणाऱ्या नेटस्फिअर या संगणकी जाळ्याशी जोडणारं जनुक माणसांतून नष्ट झालंय. त्यामुळे बिल्डर यंत्रं बेलगाम बांधत सुटलीत, जनुक नसलेल्यांना सेफगार्ड ही संरक्षक यंत्रणा मारते आणि कथेचा नायक किली ते जनुक शोधत वर वर चाललाय. मूळ मालिका १९९७ ते २००३, दहा खंडांची. सहा खंडांची मोठ्या आकाराची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. लहान आकारात बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. ‘नॉइज’ हा पूर्वकथेचा खंड नंतर वाचा. २०१७चा चित्रपट इलेक्ट्रो-फिशर या माणसांच्या टोळीच्या भागापुरताच आहे, त्यावरून मांगा जोखू नका.

प्रश्न : पावसात शाई पसरते, पुस्तकांना बुरशी येते. – एक वाचक, डिचोली

दमट कागद शाई ओढून घेतो. कागद झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, लागेल तेवढाच बाहेर काढा आणि मनगटाखाली कोरा कागद ठेवा. पुस्तकं भिंतीपासून चार बोटं दूर, उभी, सैल ठेवा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत जातो. आधी पंख्याखाली पूर्ण सुकवा, मग घराबाहेर मऊ ब्रशने झटका, तोंडाला मास्क लावून.